मिरजेहून निघताना : महागडा कॅमेरा परक्या शहरात कसा सांभाळावा

सांगलीतून काशी, जयपूर किंवा कोलकात्याला छायाचित्रणासाठी जाणारे बहुतेक जण मिरज जंक्शनवर गाडीत बसतात. मात्र सामानाची निम्मी काळजी त्याआधी घरीच घ्यायची असते. बॉडी (लेन्सविना मूळ कॅमेरा) आणि प्रत्येक लेन्सचा सिरियल नंबर टिपावा आणि खरेदीच्या पावतीसह तो घरच्या एखाद्या माणसाला मोबाइलवर पाठवून ठेवावा, कारण फिर्याद देताना आणि विम्याचा दावा करताना हीच माहिती मागितली जाते. विमा असेल तर अटी आधीच वाचाव्यात. राखण नसलेल्या मोटारीतून झालेली चोरी अनेक पॉलिसींत भरपाईस पात्र ठरत नाही.

त्यानंतर सामान कमी करावे. एक बॉडी आणि एक मध्यम झूम लेन्स एवढ्यावर शहरातले बहुतेक काम भागते. दशाश्वमेध घाटावरील आरतीच्या गर्दीत लेन्स बदलताना दोन्ही हात गुंततात, नजर खाली जाते आणि पिशवी उघडी राहते. चोराला तेवढी सवड पुरते. कंपनीचे नाव मिरवणारा पट्टा काढून साधा पट्टा लावावा. (फुकटची जाहिरातही वाचते.)

रेल्वेत खालच्या बर्थखाली असलेल्या कड्यांना कपड्यांची बॅग साखळी-कुलपाने बांधावी. कॅमेऱ्याची पिशवी मात्र तिथे न ठेवता उशाशी घ्यावी आणि तिचा पट्टा दंडात अडकवावा. निवड करता येत असेल तर वरचा बर्थ मागावा, कारण तो खिडकीपासून आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातापासून दूर असतो. विमानाने जाणाऱ्यांनी जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवाव्यात. चेक-इन सामानात त्यांना परवानगी नसते.

शहरात शक्यतो दिवसाउजेडी पोहोचावे. रिक्षात पिशवी मागे न टाकता मांडीवर घ्यावी आणि चहाला बसल्यावर तिच्या पट्ट्यात पाय किंवा खुर्चीचा पाया अडकवावा. कोणी ‘तुमच्या शर्टावर घाण पडली आहे’ किंवा ‘तुमचे पैसे खाली पडले’ असे सांगितले, तर आधी हात पिशवीवर ठेवावा आणि मगच शर्टाकडे किंवा जमिनीकडे पाहावे. ही युक्ती जुनीच आहे, पण अजूनही चालते. रोज रात्री छायाचित्रांची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि तो ड्राइव्ह कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवू नये. विम्यातून कॅमेऱ्याची किंमत मिळेल, छायाचित्रे मिळणार नाहीत.

एवढे करूनही चोरी झाली, तर शहरात ११२ आणि रेल्वेत १३९ या क्रमांकावर कळवावे. धावत्या गाडीत तिकीट तपासनीस किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला गाठावे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, त्यामुळे ‘हे आमच्या हद्दीत नाही’ या उत्तरावर परत फिरू नये. फिर्यादीत सिरियल नंबर लिहून घेतले आहेत ना, हे तपासूनच सही करावी आणि तिची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते.