दहावीच्या मुलांची स्मरणशक्ती : घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

सदाशिव पेठेत आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायला लागून मला चोवीस वर्षे झाली. दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की पालक एकच तक्रार घेऊन येतात : पाचवीत एकदा वाचलेले घडाघडा म्हणून दाखवणारा मुलगा आता काल शिकवलेलेही विसरतो. त्यावर घरात जे उपाय सुरू होतात, ते बहुतेक वेळा या वयाच्या मेंदूत काय घडत असते याचा विचार न करता केलेले असतात आणि त्यांचा त्रास मुलाला भोगावा लागतो.

मुळात याला घसरण मानणे हीच पहिली चूक आहे. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. पुढे जे काम चालते ते आतल्या जोडण्यांचे. मुलांच्या मेंदूचे अभ्यासक डॉक्टर पीटर हटनलॉकर यांनी १९७९ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातील चेतापेशींमधल्या जोडण्या प्रत्यक्ष मोजून दाखवले, की लहानपणी त्या प्रौढांपेक्षा पुष्कळ दाट असतात आणि किशोरवयापर्यंत विरळ होत जातात. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या टिकतात आणि बाकीच्या गळतात. शिवाय चेतापेशींच्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढत जाऊन संदेश अधिक वेगाने धावू लागतात. नारायणगावच्या द्राक्षबागांमधली ऑक्टोबर छाटणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना काडी कापली म्हणजे वेल गेला असे वाटत नाही. जोडण्यांचे हे काम साधारणपणे मेंदूच्या मागच्या बाजूकडून पुढे सरकते. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे नियोजन करणारा, मनाला आवर घालणारा आणि हवी ती गोष्ट नेमकी आठवून काढायला मदत करणारा भाग, सर्वांत शेवटी, विशीच्या मध्याच्या आसपास पक्व होतो. म्हणून चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःच वर्षभराचे वेळापत्रक आखून ते पाळावे ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. वेळापत्रक त्याच्याबरोबर बसून आखा, पण अभ्यास त्यालाच करू द्या.

झोप कापणे ही मला सर्वांत जास्त खुपणारी चूक आहे, आणि ती मी स्वतःही केली आहे. पहाटेचा अभ्यास पक्का होतो, असे मी कित्येक वर्षे वर्गात सांगत असे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक अतिशय समजूतदार मुलगा होता. त्याचे वडील त्याला पहाटे चारला उठवत, साडेसहाला क्लास, मग शाळा, आणि रात्री अंथरुणाला पाठ लागेपर्यंत साडेअकरा वाजत. मंगळवारी त्याने मला मुक्तिवेगाचे सूत्र पायरीपायरीने फळ्यावर सिद्ध करून दाखवले आणि गुरुवारच्या चाचणीत दुसऱ्या पायरीवरच तो अडला. असे तीन-चार आठवडे चालले. वडिलांनी निष्कर्ष काढला, की मुलगा आळशी झाला आहे, आणि गजर साडेतीनचा केला. तेव्हा मी याविषयी नीट वाचायला बसले.

पौगंडावस्थेत झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढू लागते. त्यामुळे नऊला निजवले तरी या मुलांचा डोळा लागत नाही, यात हट्ट नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभरात हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी नोंदवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागात, नोंदले गेलेले गाढ झोपेत पुन्हा उजळले जाते आणि हळूहळू मेंदूच्या बाह्य आवरणात पक्के बसते. त्या मुलाच्या वाट्याला साडेचार तासच येत होते. आम्ही पहाटेचा गजर बंद केला, साडेदहाला दिवा मालवायचा आणि मोबाइल आईवडिलांच्या खोलीत ठेवायचा असे ठरवले, क्लासची वेळ संध्याकाळची केली. चौथ्याच दिवशी वडिलांनी विचारले, ‘फरक कधी दिसणार?’ फरक दिसायला तीन आठवडे लागले. मात्र पूर्वपरीक्षेत मधली पायरी गाळण्याची चूक त्याने जवळपास केली नाही. रविवारी दुपारी बारापर्यंत झोपून भरपाई होते, या समजुतीवरही विसंबू नये; त्याने शरीराचे घड्याळ आणखी पुढे सरकते आणि सोमवारची सकाळ जड जाते.

आणखी एक मोठी चूक म्हणजे वाचनालाच अभ्यास समजणे. अप्पा बळवंत चौकातून तीन-तीन गाईड आणायची, चार रंगांनी ओळी रंगवायच्या आणि धडा सातव्यांदा वाचायचा. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, पण ओळखणे आणि आठवणे यांत फार अंतर आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचन कमी करून स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना अधिक आठवले. माझी सवय साधी आहे. धडा एकदा नीट वाचून पुस्तक मिटायचे, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते सगळे लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरायचे. हेच दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि मग आठवड्याने करायचे. पहिले कागद लालच लाल होतात आणि उतावळे पालक तिथेच ही पद्धत सोडून देतात. तसे करू नका. आठवण्यासाठी झालेली ती धडपडच जोडणी घट्ट करते. याच कारणाने आईने रात्र जागून काढलेली सुबक टिपणे मला नको असतात, कारण ती मेहनत मुलाच्या मेंदूला घडलेली नसते.

मोबाइल शेजारी उलटा ठेवून अभ्यास करू देऊ नका, तो दुसऱ्या खोलीत असावा. उत्तर आठवत नसताना वर ओरडू नका. ताणाखाली पाठ असलेलेही आठवत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून ‘मिडब्रेन’ जागृत करणाऱ्या वर्गांना पैसे देऊ नका. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचालींसारखी कामे करतो आणि तो जन्मापासून जागाच असतो.

झोप आणि अभ्यासाची पद्धत सुधारूनही महिना-दीड महिन्यात काहीच बदलले नाही, मूल सतत थकलेले किंवा उदास दिसले किंवा बोलता बोलता क्षणभर हरवू लागले, तर तिसरा क्लास लावण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिनची तपासणी आधी करून घ्या. लोहाची कमतरता या वयात वारंवार आढळते आणि तिने एकाग्रता ढासळते.