उन्हाळ्यात लॅबमध्ये काम करायचंय? दिवाळी झाली की लागा

मी कळव्याची. ठाण्याच्या कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एप्रिलमध्ये चाळीस प्राध्यापकांना एकच मेल पाठवला होता. एकाचंही उत्तर आलं नाही. आता पीएच.डी. करतेय. तसलेच मेल आमच्या लॅबला येतात, तेव्हा ते मागे का पडतात हे कळतं.

आधी वेळेचं. तीन विज्ञान अकादम्या मिळून जी समर फेलोशिप देतात, तिचे अर्ज नोव्हेंबरच्या आसपासच भरावे लागतात. दोन महिन्यांचं काम असतं, मानधन आणि प्रवासखर्च मिळतो. घरी 'दोन महिने फुकट राबणार का?' असं विचारलं, तर हे सांगा. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी उपक्रम, बेंगळुरूचं जेएनसीएएसआर आणि पुण्याचं आयसर या संशोधन संस्था, यांच्या वेबसाइट दिवाळीनंतर दर आठवड्याला उघडून बघा. जवळ हवं असेल तर मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा विज्ञान उपक्रम खास पदवीच्या मुलांसाठी आहे. खारघरच्या कर्करोग संशोधन करणाऱ्या अ‍ॅक्ट्रेकचीही चौकशी करा. ठाणे-पनवेल लोकल थेट खारघरला जाते. शिफारसपत्र देणाऱ्या मॅडमना मार्कशीट देऊन पंधरा दिवस आधी सांगा, आदल्या रात्री नाही.

थेट प्राध्यापकांना लिहायचं असेल तर पाच-सहाच लॅब निवडा आणि प्रत्येकीचा एक पेपर खरोखर वाचा. सगळा कळणार नाही, एक आकृती कळली तरी चालेल. पुढच्या वर्षी मी लिहिलं होतं: 'तिसऱ्या आकृतीत एन्झाइमची क्रिया तासाभरात निम्म्यावर येते, पण ग्लिसरॉल घातलेल्या नमुन्यात टिकते. ती का टिकते, हे मला शिकायचं आहे. ब्रॅडफर्ड आणि एसडीएस-पेज मी स्वतः केलं आहे. परीक्षा संपल्यावर 12 मे ते 10 जुलै रोज येऊ शकते.' (ब्रॅडफर्ड म्हणजे निळ्या रंगावरून प्रोटीन किती ते मोजायची चाचणी, एसडीएस-पेज म्हणजे जेलवर प्रोटीन आकारानुसार वेगळी करणं.) सहापैकी दोघांची उत्तरं आली. आपल्याला बायोकेमिस्ट्री किती आवडते, हे त्यात एका शब्दानेही नव्हतं.

निवड झाली की कॉलेजातच मायक्रोपिपेटवर हात बसवा. अंगठा पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचा, टिप पाण्यात दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची आणि अंगठा सावकाश वर येऊ द्यायचा. पाणी सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं. 100 मायक्रोलिटर पाणी 0.1 ग्रॅमच्या आसपास भरतं. बारीक वजनाच्या काट्यावर दहा वेळा मोजा, दहाही आकडे लिहा. आकडे वर-खाली होत असतील तर अंगठा झटक्यात सुटतोय.

लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात माझी चूक झाली. ब्रॅडफर्डमध्ये माझे नमुने सगळ्यात गडद स्टँडर्डपेक्षाही (म्हणजे प्रोटीन किती ते आधीच माहीत असलेल्या नमुन्यापेक्षाही) निळे आले. 595 नॅनोमीटरचे आकडे घेऊन मी आलेखाची रेषा तशीच पुढे ओढली आणि प्रोटीन किती ते लिहून टाकलं. शिकवणाऱ्या ताईंनी रेषेच्या टोकावर बोट ठेवलं, 'इथे तुझं स्टँडर्ड कुठंय?' संध्याकाळी सगळे नमुने दहापट पातळ करून पुन्हा लावले. जुना आकडा खोडायचा नव्हता; एकच रेघ मारून शेजारी कारण आणि तारीख लिहायची होती. ही सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्या.

लॅबची वही लॅबमध्येच राहते. म्हणून शेवटच्या आठवड्यात आपल्या जेलचे फोटो आणि आलेख नेता येतील का, हे विचारा, आणि प्रमाणपत्रावरची सही निघण्याआधीच घ्या. जुलैत कॉलेज सुरू झालं की तेवढ्यासाठी पुन्हा जाणं होत नाही.