'द सॅबोटर' हा गेम पीसीवर मध्येच बंद पडत होता, तो असा चालला

नाझींच्या ताब्यातलं पॅरिस. सेव्ह लोड केला की गेमचा नायक शॉन डेव्हलिन काळ्या-पांढऱ्या गल्लीत चार पावलं टाकतो आणि थेट डेस्कटॉप. एररही नाही. ड्रायव्हर बदलला, गेम पुन्हा टाकला, कम्पॅटिबिलिटी मोड लावला, फरक शून्य. तीन रविवार गेले, डोकं फिरलं.

गेम २००९ चा, माझा प्रोसेसर १२ थ्रेडचा, म्हणजे विंडोजला १२ सीपीयू दिसतात. जुन्या गेमला इतके झेपत नाहीत. गोम तिथेच.

गेम सुरू करून मेन्यूवरच थांबा. ऑल्ट-टॅब, मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. टास्क मॅनेजरच्या डीटेल्स टॅबमध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक, सेट ॲफिनिटी (गेमने कोणते सीपीयू वापरायचे ते इथे ठरतं). 'ऑल प्रोसेसर्स'ची खूण काढा, सीपीयू ० ते ३ एवढेच ठेवा, ओके. त्यानंतरच सेव्ह लोड करा. गेम बंद केला की सेटिंग जातं, त्यामुळे दर वेळी हे करावं लागतं. काल सलग दोन तास खेळलो. गल्लीत रंग परतले.