मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज घ्यावं का? चार वर्षं काढलेल्या एकीकडून

कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या सरकारी केंद्रीय प्रवेशाचा, ऑप्शन फॉर्म भरताना घरोघरी हाच वाद असतो. आईबाबांना मुलींचं कॉलेज सेफ म्हणून हवं असतं आणि मुलीला नेमकं त्याच कारणासाठी नको असतं. माझं स्पष्ट मत आहे, सेफ्टीसाठी घेऊ नका. घ्यायचं तर तिथे काम हातात येतं म्हणून घ्या.

मी पुण्यात मुलींच्या कॉलेजमधून ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, केलं. पहिल्या वर्षी वर्कशॉपला एमएसची (साध्या पोलादाची) प्लेट कानसने घासून काटकोनात आणायची असते, काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावला की फटीतून उजेड दिसतो, मग परत घासा, परत लावा, तळहाताला फोड येतात. आमच्याकडे हे प्रत्येकीने स्वतः केलं, दुसरं करणार कोण होतं? को-एडमधल्या माझ्या मैत्रिणी सांगायच्या की त्यांच्या बॅचला फायलिंग, म्हणजे हे घासणं, मुलं उरकतात आणि ह्या जर्नल पूर्ण करतात, का तर मुलींचं अक्षर चांगलं. कोणी जबरदस्ती करत नाही हो, ते आपोआप होतं, आणि आपोआप होतं म्हणूनच जास्त वाईट. आमच्याकडे सीआरओचा (सिग्नल स्क्रीनवर दाखवणाऱ्या मशीनचा) प्रोब लावणारी, सोल्डरिंग करताना बोट भाजून घेणारी, रोबोटिक्स क्लबची हेड, फेस्टच्या स्पॉन्सरशिपसाठी दुकानं पालथी घालणारी, सगळ्या मुलीच. चार वर्षं रोज हेच बघितलं की अमुक काम मुलींचं नाही हे डोक्यात शिरतच नाही.

आजच्या काळात वेगळं कॉलेज कशाला, असं बरेच जण विचारतात. 1916 ला धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा सुरुवातीला पाचच विद्यार्थिनी होत्या. आज त्याच विद्यापीठाचं, म्हणजे एसएनडीटीचं, जुहूला उषा मित्तल हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि कर्व्यांच्याच संस्थेने 1991 ला पुण्यात मुलींसाठी कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं. ॲडमिशन आता मुलींना कुठेही मिळते, पण ॲडमिशननंतर लॅबमध्ये मशीन कोणाच्या हातात असतं ते जरा जाऊन बघा.

आता धोका सांगते, जो मला चांगलाच नडला. थर्ड इयरला एका हॅकेथॉनमध्ये (ठरलेल्या वेळात प्रोजेक्ट बनवायच्या स्पर्धेत) वेगवेगळ्या कॉलेजची मिक्स टीम होती, मी आणि तीन मुलं. बसल्या बसल्या एकाने सर्किटचा बोर्ड घेतला, एकाने बॅकएंड, एकाने ॲप, आणि मला म्हणाले तू पीपीटी छान करशील. मुलं वाईट अजिबात नव्हती. त्या बोर्डावरचा सेन्सर आमच्या लॅबमध्ये मी त्याच सेमिस्टरला चालवला होता, पण आमच्याकडे काम न मागता वाट्याला यायचं, त्यामुळे मागायची सवयच नव्हती. जजने सर्किटबद्दल विचारलं तेव्हा उत्तर मला येत होतं आणि बोलला तो, ज्याच्या हातात बोर्ड होता.

हे नीट समजून घ्या कारण पुढे कॅम्पसच्या जीडीत (ग्रुप डिस्कशनमध्ये) हेच होतं, पहिल्या नोकरीत हेच होतं, तू डॉक्युमेंटेशन बघ, तू क्लायंटचे मेल बघ, आणि वर्षभराने अप्रेझलला विचारतात की टेक्निकल काय केलं. कामाची वाटणी पहिल्या पंधरा मिनिटांत होते आणि नंतर बदलत नाही, म्हणून टीम बसली की लगेच बोला, "सर्किट माझं." कोण काय करणार ते ग्रुपवर लिहून टाका. पीपीटी सगळ्यांनी थोडी थोडी करायची. कोड स्वतःच्याच अकाउंटवरून पुश करा, दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून नाही. आणि सेकंड इयरपासून बाहेरच्या स्पर्धांना जा, फायनल इयरला पहिल्यांदा गेलात तर फार उशीर झालेला असतो.

घाबरू नका मात्र. हात तयार असतात, फक्त तोंड उघडायचं असतं, आणि ते एकदोनदा केलं की जमतं, मला जमलंय.

पैसे घेऊन ऑप्शन फॉर्म भरून देणाऱ्यांकडे जाऊ नका, त्यापेक्षा त्या कॉलेजची एखादी फायनल इयरची मुलगी गाठा, ती खरं सांगते. आणि "मुलींना टेस्टिंगच बरं" म्हणणारे सर किंवा मॅडम भेटले तर त्यांना प्रोजेक्ट गाईड म्हणून घेऊ नका, कितीही प्रेमळ असोत.

फीचं पण बघा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर 2024 पासून ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधून हवी, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही मिळत. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐनवेळी सेतू केंद्रावर फार गर्दी असते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं आणि लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, हे दोन्ही एकत्र विचारा. काही ठिकाणी गेट इतक्या लवकर लागतं की प्रोजेक्टच्या दिवसांत लॅब उघडी असून उपयोग नसतो. ऑफिसमध्ये विचारून भागत नाही, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना विचारा, आणि रात्री थांबायची परवानगी कोणाच्या सहीने मिळते तेही विचारून घ्या.