डब्ल्यूजीतलं वायफाय रखडलं की आधी काय बघायचं

जर्मनीत नवीन आलात की घर, अनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), विमा, बँक या धावपळीत डब्ल्यूजीतल्या (अनेकांनी मिळून राहायच्या फ्लॅटमधल्या) इंटरनेटकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग रविवारी संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावावा तर तिचा चेहरा अडकलेला, आणि शेजारच्या खोलीत मात्र सिनेमा सुरळीत चालू. इथूनच फ्लॅटमेटमध्ये धुसफूस सुरू होते. म्हणून कुणाला काही बोलण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा.

त्यासाठी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. केबलवर नेट नीट चाललं तर दोष वायफायचा. केबलवरही रखडलं तर लाइनचा, किंवा घरातलंच कुणीतरी लाइन भरून टाकतंय.

वायफायचा दोष बहुतेक वेळा जागेचा असतो. टेलिफोनचं सॉकेट पॅसेजमध्ये असतं, म्हणून राउटर चपलांच्या कपाटामागे जमिनीवर पडलेला सापडतो. त्याला बाहेर काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. जुन्या इमारतींच्या जाड विटांच्या भिंतींतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड फार लांब जात नाही. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो, पण त्यावर शेजाऱ्यांच्या नेटवर्कची आणि मायक्रोवेव्हची गर्दी असते. रिपीटर (वायफाय पुढे पसरवणारं यंत्र) घेतलात तर तो सिग्नल पोचत नाही त्या खोलीत लावू नका, अर्ध्या वाटेवर लावा. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार?

आता आईच्या कॉलबद्दल. सिनेमाला फक्त डाउनलोड लागतो, व्हिडिओ कॉलला अपलोडही लागतो, आणि तोच इथे तोकडा असतो. डीएसएलच्या (टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटच्या) ५० एमबीपीएसच्या प्लॅनला अपलोड साधारण १० मिळतो. सहलीहून परतलेल्या एकाच्या फोनने शेकडो फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की कॉल अडकलाच. घरात फ्रिट्झबॉक्स कंपनीचा राउटर असेल तर ब्राउझरमध्ये ‘फ्रिट्झ डॉट बॉक्स’ (fritz.box) हा पत्ता टाका, ‘इंटरनेट’खालच्या ऑनलाइन-मॉनिटरमध्ये अपलोडचा आलेख दिसतो. तो सतत माथ्याला टेकलेला असेल तर बॅकअप रात्री उशिरा चालू ठेवायला सांगा. आलेख समोर ठेवून बोललात तर कुणाला राग येत नाही.

राउटरवरचा पॉवर/डीएसएलचा दिवा नुसता लुकलुकत राहिला तर लाइनच जुळलेली नाही. भिंतीतली वायर घट्ट बसली आहे का बघा, राउटर मिनिटभर बंद ठेवून चालू करा. फॅक्टरी रीसेट मात्र कृपा करून करू नका. त्यात कंपनीचे लॉगिन तपशील पुसले जाऊ शकतात, आणि ते छापलेला कागद बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या कुणाकडे तरी असतो. करार ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून त्या कागदाचा फोटो आजच घेऊन ठेवा. टोरंटवरून सिनेमे उतरवू नका, हेही त्याच माणसासाठी. वकिलाची आबमानुंग (पैसे मागणारी कायदेशीर नोटीस) त्याच्याच नावाने येते.

लाइन पूर्ण बंद असेल तर श्ट्योरुंग (बिघाड) कंपनीकडे लगेच नोंदवा आणि तारीख, तिकीट नंबर लिहून ठेवा. १ डिसेंबर २०२१ पासूनच्या दूरसंचार कायद्याप्रमाणे, ग्राहकाची चूक नसताना दोन दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर तिसऱ्या आणि चौथ्या दिवसासाठी रोज ५ युरो किंवा मासिक बिलाच्या १० टक्के, यांतली मोठी रक्कम मागता येते. पाचव्या दिवसापासून १० युरो किंवा २० टक्के. ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ आलाच नाही तरी १० युरो किंवा २० टक्के मिळतात. नेट चालू आहे पण कायम संथ आहे, तर दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या बुंडेसनेट्झआगेन्टूर या सरकारी संस्थेचं ‘ब्राइटबांडमेसुंग’ हे मोफत ॲप लॅपटॉपवर घ्या. केबल लावून तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या करायच्या. तो अहवाल जोडून बिल कमी करून मागता येतं. अर्ज मात्र करारावर नाव असलेल्यानेच करायचा, म्हणून मोजण्या सुरू करण्याआधी त्याला विश्वासात घ्या.