मृग बहाराचा ताण: मे महिन्यातल्या या चुका टाळा

संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरायचा तर उन्हाळ्याच्या शेवटी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, हे विदर्भात वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी जुलैत एका बागेत फुलोरा येतो आणि धुऱ्यापलीकडच्या बागेत नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते. कारण शोधायला गेलं तर ते बहुतेक वेळा मे महिन्यातच सापडतं.

सगळ्यात महागात पडते ती शेजाऱ्याची तारीख पाहून ताण देण्याची चूक. हलक्या, मुरमाड जमिनीतलं झाड महिनाभरात ताणावर येतं. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात, कारण वर भेगा पडल्या तरी खाली ओल टिकून असते. म्हणून पानं पाहा. ती मलूल, पिवळसर झाली आणि साधारण पाव हिस्सा गळाली की ताण बसला. त्यानंतरही हलक्या जमिनीतलं झाड कोरडं ठेवलं तर शेंड्याकडून फांद्या वाळायला लागतात.

मध्येच वळवाचा पाऊस झाला तर ताण मोडतो आणि नवती सुटते. अशा वेळी भारी जमिनीत 50 टक्के क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढ रोखणारं औषध 2 मिली प्रति लिटर पाण्यात मिसळून फवारतात. पावसानंतर लगेच ओलित मात्र सुरू करू नका.

झाडावर आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची, फळं असताना मृगासाठी पाणी तोडू नका. ती फळंही गळतात आणि झाडही खचतं. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) झालेल्या किंवा सल, म्हणजे वाळक्या फांद्या, भरलेल्या झाडाला तर ताण देऊच नका. माझं स्पष्ट मत आहे की अशा झाडाचा यंदाचा बहार सोडून द्यावा आणि झाड आधी सावरावं.

मृगाचा पाऊस लांबला आणि विहिरीला पाणी असलं की ताण सोडताना घाईने खोडाभोवतीची आळी तुडुंब भरली जातात. पहिलं पाणी हलकंच द्या, पुढे हळूहळू वाढवा. शेणखत याच वेळी घाला, मोठ्या झाडाला 40 ते 50 किलो, खोडापासून दूर, झाडाच्या घेराखाली.

पाणी खोडाला लागता कामा नये. जंभेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली झाडं डिंक्याला लवकर बळी पडतात, त्यामुळे दुहेरी आळं करून आतलं कोरडं ठेवा. कलमाचा डोळा, म्हणजे कलम जोडल्याची जागा, मातीत गाडला गेला असेल तर माती ओढून तो उघडा करा.

सल काढताना दरवेळी कात्री निर्जंतुक करा. कापलेल्या जागी आणि खोडावर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. त्यासाठी मोरचूद 1 किलो आणि कळीचा चुना 1 किलो प्लॅस्टिकच्या भांड्यांत, प्रत्येकी 5 लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. त्यात स्वच्छ विळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा, आणि पहिल्या पावसाआधी ती खोडावर पूर्ण वाळेल अशा बेताने हे काम मे अखेरीला उरकून घ्या.