नसांच्या दुखण्यावर डिप्रेशनची गोळी सुरू करताय? या चुका टाळा

वर्षानुवर्षं कंबर धरलेली असते, मांडीतून पोटरीकडे कळ जाते, रात्री तळपायांची आग होते. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग कधीच संपलेला असतो. मग डॉक्टर अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून देतात. घरी येऊन माहिती वाचली की समोर येतं, 'नैराश्यावरचं औषध'. काही जण तिथेच थांबतात, काही चार दिवस घेऊन सोडतात. ज्या औषधाने कदाचित रात्रीची झोप परत मिळाली असती, त्याला नीट संधीच मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

'म्हणजे माझं दुखणं मनाचंच आहे'

असा अर्थ काढू नका. मेंदूच्या खालच्या भागातून मज्जारज्जूकडे उतरणारे काही चेतातंतू असतात. खालून वर येणारे वेदनेचे संदेश वाटेतच दाबायचे, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांना नॉरॲड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन लागतं, आणि ही औषधं नेमकी हीच रसायनं जास्त वेळ टिकवून ठेवतात. अमिट्रिप्टिलिन त्याखेरीज चेतातंतूंवरचे सोडियमचे मार्गही काही अंशी अडवतं, त्यामुळे दुखावलेली नस उगाच संदेश पाठवत राहते ते कमी होतं. म्हणूनच नैराश्याचा लवलेश नसलेल्यांनाही आराम पडतो. डोसही वेगळा असतो. नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलिन साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतं. वेदनेसाठी सुरुवात १० मिलिग्रॅमपासून होते आणि पुष्कळांचं २५ ते ५० मध्ये भागतं.

मन खरोखर खचलेलं असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. औषध निवडताना त्याचा उपयोग होतो.

दुखेल तेव्हा घेणं, आणि आठवड्यात निकाल लावणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. ही औषधं गरजेपुरती घ्यायची नसतात. दुखो वा न दुखो, रोज, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. झोप पहिल्या काही रात्रीत सुधारू शकते, पण वेदनेवरचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि योग्य डोसवर सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय 'लागू पडलं नाही' असं म्हणता येत नाही.

त्यात 'योग्य डोसवर' हे शब्द महत्त्वाचे. १० मिलिग्रॅमवर महिनाभर थांबून औषध सोडलं, तर औषध फसलं असं नव्हे. डोस तिथवर पोचलाच नाही. साधारणपणे आठवड्याला थोडा थोडा वाढवत नेतात. ड्युलोक्सेटिन बहुधा ३० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्या-दोन आठवड्यांनी ६० करतात. त्याहून पुढे आपल्या मनाने वाढवू नका. उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात १७६ चाचण्या तपासल्या होत्या. जुनाट वेदनेवर ड्युलोक्सेटिनचा पुरावा त्यात सर्वांत भक्कम ठरला, आणि नेहमीच्या डोसपेक्षा जास्त डोसचा जादा फायदा दिसला नाही.

सगळ्या गोळ्या सारख्याच समजणं

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम ही नैराश्यावरची चांगली औषधं आहेत, पण नसांच्या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून घरात कुणाची उरलेली गोळी घेऊन बघणं व्यर्थ आहे, आणि धोक्याचंही. यातलं एखादं औषध आधीच चालू असेल तर ते सांगाच. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधामुळे अमिट्रिप्टिलिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढू शकतं.

शून्य वेदनेची वाट पाहणं

आग होणं, झिणझिण्या, विजेसारखी चमक ही नसांच्या दुखण्याची लक्षणं. मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यावर ड्युलोक्सेटिनला अमेरिकेत २००४ मध्येच मान्यता मिळाली. नुसत्या पाठदुखीचं मात्र तसं नाही. २०२१ च्या एका आढाव्यात ड्युलोक्सेटिनच्या गटातल्या औषधांनी पाठदुखी शंभरपैकी सरासरी पाचेक गुणांनीच कमी झालेली दिसली. हे सरासरीचं चित्र. काहींना चांगला फरक पडतो, काहींना अजिबात नाही. वेदना तीसेक टक्क्यांनी कमी झाली तरी तो खरा फायदा मानतात.

तेवढा फरक रोजच्या रोज जाणवतोच असं नाही, म्हणून औषध सुरू करण्याआधीच लिहून ठेवा: वेदना दहापैकी किती, सलग किती वेळ बसता येतं, किती चालता येतं, रात्री कितीदा जाग येते. दर आठवड्याला तेच परत लिहा. त्याच दिवसांत नवा पट्टा, नवं तेल, नवा व्यायाम असं सगळं एकदम सुरू केलंत, तर गुण कशाचा आला ते कळणार नाही. आधीपासून चालू असलेला व्यायाम मात्र सोडू नका.

त्रास झाला की गप्प औषध बंद करणं

बहुतेक त्रासांवर आधी उपाय करून पाहता येतो.

अमिट्रिप्टिलिनने सकाळी डोकं जड राहत असेल, तर गोळी झोपताना न घेता दोन-तीन तास आधी घेतली की पुष्कळदा सुटका होते. तरीही गुंगी राहिली तर नॉरट्रिप्टिलिनबद्दल विचारा. त्याने झोप कमी येते. गुंगीचा अंदाज येईपर्यंत गाडी चालवू नका, आणि दारू टाळा. तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतं. पाणी आणि चोथ्याचं खाणं पहिल्या दिवसापासून वाढवा. उठताना चक्कर आली तर आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळतं. जेवणाबरोबर घेतलं तर सोसतं आणि बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं. त्याची कॅप्सूल उघडून किंवा चुरून घेऊ नका, आतल्या दाण्यांवर जठरातल्या आम्लापासून वाचवणारा थर असतो. लैंगिक इच्छा कमी होणं, घाम येणं हे बोलायला संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय डॉक्टर औषध बदलणार कसे?

लघवी अडखळू लागली तर मात्र वाट पाहत बसू नका. अमिट्रिप्टिलिनने तसं होऊ शकतं, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत. पण पाठदुखी असलेल्या माणसाची लघवी तुंबली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद गेली किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर कण्याच्या तळाशी नसा दाबल्या जात असू शकतात. 'गोळीमुळे असेल' म्हणत घरी बसायचं नाही. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

बाकीची औषधं न सांगणं

पाठदुखीवर ट्रामाडॉल सर्रास दिलं जातं, आणि या औषधांबरोबर त्याचं पटत नाही. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर, घाम, जुलाब, छातीत धडधड आणि गोंधळलेपणा येऊ शकतो. फिटचा धोकाही वाढतो. ड्युलोक्सेटिनबरोबर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन असेल तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा दोष, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, हे आधीच सांगा. वयस्कर व्यक्तींमध्ये, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, रक्तातलं सोडियम घटू शकतं. त्यांना अचानक भ्रम किंवा थकवा आला तर तपासणी करून घ्या.

पंचवीस वर्षांखालच्यांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं. कोणत्याही वयात असे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अमिट्रिप्टिलिन जास्त प्रमाणात पोटात गेलं तर जीवघेणं ठरतं. मुलांच्या हाती लागणार नाही असं कुलपात ठेवा.

एका झटक्यात सोडणं, किंवा कधीच न सोडणं

काही आठवडे घेतलेली गोळी अचानक बंद केली की चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होतो. लोकांना वाटतं व्यसन लागलं. तसं नसतं, शरीराला सवय मोडायला वेळ हवा असतो. डोस काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवा, आणि गोळ्या संपत आल्या की चार दिवस आधीच आणून ठेवा.

उलट, पुरेसा डोस दोन महिने घेऊनही वहीतले आकडे हलले नसतील, तर 'असू दे' म्हणून ती गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवू नका. उतरवून थांबवा; एक औषध लागू पडलं नाही तरी दुसऱ्या गटातलं पडू शकतं. फायदा झाला असेल, तर काही महिन्यांनी डोस कमी करून पाहता येईल का हे विचारा. दुखणं परतलं तर आधीच्या पायरीवर पुन्हा जाता येतं.